पंपांच्या प्रदर्शनात

बाळांनो, तुमचे आजोबा गेल्यावर काल पहिल्यांदाच पंपांच्या प्रदर्शनाला एकटी गेले. दाराशी सगळ्यांच्या कानात बिनतारी यंत्र अडकवत होते. माहिती सांगणारी मुलगी पार पुढे हळू बोलत होती, तरी शब्दन्‌शब्द कानाशी येत होता.

आजोबांना कमी ऐकू यायचं. अशा गर्दीत ते माझ्या डावीकडे उभे राहून विचारायचे, "काय म्हणाला गं तो?" मग मी प्रत्येक वाक्य त्यांना मोठ्याने सांगायचे. हे यंत्र तेव्हा हवं होतं, असं वाटलं. पण मग त्यांनी मला विचारलंच नसतं.

सगळे शांतपणे ऐकत होते, आणि मी डावीकडे वळून मोठ्याने म्हणाले, "अहो, हा पंप उन्हावर चालतो."

शेजारचे अनोळखी गृहस्थ कानातल्या यंत्राला हात लावून हळूच म्हणाले, "आजी, येतंय मला ऐकू."

पुढचं वाक्य मी मनातच सांगितलं.