कॅपिटलमध्ये ओरडणारी मुलगी

आमच्या घरात कुणी हळू बोललं की आईला संशय येतो. बाबांचं आयुष्य कापडाच्या कारखान्यात लूमवर गेलं, अर्धे कान तिथंच राहिले. त्यामुळे आम्ही मीठ मागितलं तरी गल्लीला ऐकू जातं. नवे शेजारी एकदा धावतच आले, ‘क्या हुआ? झगडा?’ आई म्हणाली, ‘झगडा न्हाय, चाय चालू हाय.’

मला वडपे गावातल्या गोदामात डिस्पॅचला नोकरी लागली. आधी प्रोबेशन, मग पर्मनंट. आमच्या घरात आजवर कुणीच पर्मनंट झालं नव्हतं, म्हणून मी जीव तोडून काम करत होते. तिथं खोक्यांवर जाड मार्करनं सगळं इंग्रजीत, कॅपिटलमध्ये लिहितात, म्हणजे वरच्या रॅकवरचंही खालून वाचता येतं. ईमेलही मी तसेच लिहायला लागले. ‘गाडीचा नंबर आजच पाठवा’ हेसुद्धा सगळं कॅपिटलमध्ये, ठसठशीत! मला तर ते फार देखणं वाटायचं.

एका सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ‘बंगळुरूच्या पार्टीची मॅडम म्हणते, तुमची मुलगी रोज आमच्यावर ओरडते. ईमेलमध्ये कॅपिटल म्हणजे ओरडणं, एवढंही ठाऊक नाही? अशानं पर्मनंट विसरा.’

माझं डोकंच सणकलं. ओरडले? मी? मी तर इतकं नीटनेटकं लिहिलं होतं! बाहेर येऊन तडक त्या मॅडमला फोन लावला आणि खोक्यांपासून बाबांच्या लूमपर्यंत सगळं एका दमात सांगितलं.

‘तुम्ही आत्ताही ओरडताय,’ ती म्हणाली.

‘आमच्याकडं असंच बोलतात, मॅडम!’

ती खो खो हसली. साहेबांशी मी बोलते म्हणाली, पण तेवढं कॅपिटल आवरा. मीही आवरलं. दुसऱ्याच्या दारात चप्पल काढतो, तसं. वाक्याचं पहिलं अक्षर मोठं, बाकी सगळी गुमान बारीक.

आणि एका दुपारी ईमेल आला. मी पर्मनंट! एवढी मोठी बातमी आणि इतक्या बारीक अक्षरात! खरंच वाटेना. शिफ्ट संपताच रिक्षा पकडून थेट बाबांच्या कारखान्यात गेले. लूमच्या खडखडाटात माझा आवाजही पोचेना. मग पर्समधला मार्कर काढला, एका पुठ्ठ्यावर हाताएवढ्या अक्षरांत लिहिलं, ‘पर्मनंट’, आणि त्यांच्यासमोर धरलं.

चहा आला तरी लूम न थांबवणाऱ्या बाबांनी लूम बंद केला. त्यांचे ओठ हलले. आजूबाजूचे लूम चालूच होते, मला काही ऐकू आलं नाही. जन्मात पहिल्यांदा बाबा हळू बोलत होते.

‘काय? मोठ्यानं!’ मी कानाशी हात नेत ओरडले.

तेव्हा त्यांनी पुठ्ठा डोक्यावर धरला आणि सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं ओरडले, ‘माझी पोरगी हाय ही!’