मोठ्या टायरांची जीप

माझ्या जीपचा ड्रायव्हर निघण्याआधी चारही टायर बैलाच्या पाठीसारखे थोपटतो. आलापल्लीच्या चिखलात गाडी रुतू नये म्हणून मी घासाघीस करून मोठे टायर बसवले. स्टिअरिंग जड झालं, पेट्रोल जास्त लागू लागलं. मी भर पंपावर ड्रायव्हरला पेट्रोलचोर म्हटलं.

"भाऊ, चाक मोठं झालं. गाडी पेट्रोल जास्त खाते अन् मीटर किलोमीटर कमी दाखवून राह्यलं," एवढंच तो म्हणाला.

टायरवाल्याशी भांडायला गेलो, तर त्यानंही तेच सांगितलं. विकताना मात्र तो गप्प होता. त्याच्यावरचा माझा राग अजून आहे. जुने टायर परत चढवले. तरी पंप आला की ड्रायव्हर उतरून लांब उभा राहतो, रस्त्याकडे तोंड करून.

"तूच भर ना," मी खालच्या आवाजात म्हणतो.

"नाई भाऊ. तुम्ही पाहून घ्या, मंग मी बसतो."