ओल्या पॉलिशचा बाक

आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तके कपाटांत लावून ठेवणे एवढेच काम मी केले. त्यामुळे स्वतः लेखणी हाती घेताना परक्या घरात न विचारता शिरल्यासारखे वाटते. निवृत्तीनंतरच्या या धाडसाबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. पण बायजाकाकींविषयी लिहायला दुसरे कोणी दिसत नाही.

या शतकाची ती पहिलीच वर्षे. मी कामतघरला भाड्याच्या खोलीत एकटी राहत होते. समोर काकींचे बैठे घर, त्याच्या दोन्ही अंगांना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने. पाणी कधी येते हे विचारायला मी प्रथम त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्या ओटीवरच्या लांबलचक सागवानी बाकाच्या डाव्या टोकाला बसल्या होत्या. मी उजवीकडे टेकणार तोच त्या म्हणाल्या, "नको बसू गो बाय, पालिश ओला हाय."

पुढच्या आठवड्यात गेले, तेव्हाही पॉलिश ओलेच होते. त्यानंतरही ते कधी वाळले नाही. आलेला माणूस उभ्याउभ्या बोले आणि निघून जाई. त्यांचा पुतण्या जनार्दन चेष्टा करी, "काकी, तुझा पालिश सुकंपर्यंत माझं लगीन व्हईल."

"तुना कोन पोरगी देतंय? पालिशच आधी सुकंल," काकी म्हणत.

तो बाक म्हणजे मुळात मचवा. मी यायच्या आधीच वारलेले काकींचे यजमान त्या होडीतून खाडीतली रेती आणत. तो धंदा संपल्यावर त्यांनी मचव्याच्या धड राहिलेल्या फळ्या निवडून, लाकडी खुंट्या मारून हा बाक केला. कारखान्यांच्या हादऱ्याने त्या खुंट्या सैल होत. काकी दर शुक्रवारी त्या ठोकून घेत, फळ्यांवरून काचकागद फिरवत आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा हात देत. शुक्रवारीच, कारण त्या दिवशी वीज नसे आणि लूम बंद असत. एरवी हवेत उडणारे कापसाचे तूस ओल्या लाखेवर बसले, की सगळा बाक केसाळ होई.

मला त्यांनी लाख फिरवायची कापसाची गादी धरायला शिकवले. "जोर नको लावू. फिरत ऱ्हा. थांबलीस का चिकटलीस." आम्ही फारसे बोलत नसू. मी मुळातच अबोल. त्यांचे बोलणे लाकडाशी चाले. एकदा मात्र हात न थांबवता त्या म्हणाल्या, "लूम चालू असला का बरा वाटतंय. बंद झाला का घर मोठा होतंय गो." त्यांच्या शुक्रवारांचे दुसरे कारण मला तेव्हा कळले.

एका गुरुवारी त्या चहा ठेवायला आत गेल्या असताना मी बाकाच्या उजव्या टोकाला हात लावून पाहिला. ते टोक कोरडे होते, थंड आणि आरशासारखे नितळ. डाव्या टोकाचे, त्यांच्या स्वतःच्या जागेचे, पॉलिश मात्र आठवडाभराच्या बसण्याने झिजून गेले होते. काकी बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग चकचकीत लाकडावर उठलेल्या माझ्या बोटांच्या ठशांकडे पाहिले, आणि पदराने ते ठसे पुसून टाकले. "उजवीकडं त्यांची बैठक," एवढेच त्या म्हणाल्या. मी चहा उभ्यानेच घेतला.

पुढे घर पाडून तिथे इमारत बांधायचे ठरले. काकींना जनार्दनच्या नारपोलीच्या फ्लॅटवर जायचे होते, आणि बाक तिथल्या जिन्याच्या वळणावरून वर जाणार नव्हता.

"मधून कापू, काकी. दोन व्हतील," जनार्दन म्हणाला.

"मचवा तोडला तवा तुझा काका जेवला न्हवता," काकी म्हणाल्या आणि त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. कापला नाही, तर बाक भंगारवाल्याकडे जाणार हे त्यांनाही दिसत होते.

त्या घरातल्या शेवटच्या शुक्रवारी त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या हातात करवत होती. "सुताराचा हात नको याला. तू निस्ता धरून ठेव." बाकाला मध्यभागी आधाराचे जोडपाय होते, त्यांच्यामधून त्यांनी करवत चालवली. कारखाने बंद असल्यामुळे तो आवाज गल्लीभर ऐकू गेला असेल. मग दोन्ही कापलेल्या कडा घासून त्यांनी त्यांवर लाखेचा हात फिरवला. उजवा अर्धा जनार्दनच्या टेम्पोसाठी दाराशी ठेवला. डावा, स्वतःचा, माझ्यापुढे सरकवला.

मी सवयीने उभीच होते.

"बस."

"ओलं आहे ना, काकी?"

"सुकलाय," त्या म्हणाल्या, आणि माझ्या शेजारी टेकल्या. अर्धा बाक दोघींना जेमतेम पुरला. टेम्पोचा हॉर्न वाजेपर्यंत आम्ही तशाच बसून होतो.

पुढच्या वर्षी काकी गेल्या. तो अर्धा बाक आज माझ्या खोलीत खिडकीशी आहे. शुक्रवारी मी त्याच्या खुंट्या ठोकते, गादी फिरवते. माझी बाजू झिजली आहे. त्या दिवशी काकी टेकल्या होत्या ती बाजू लखलखीत आहे. कधी कोणी दाराशी आलेच, तर "नका बसू, ओलं आहे" हे शब्द माझ्याही ओठांवर येतात.

खरे तर तो केव्हाच वाळलेला आहे. तुम्ही कधी या बाजूला आलात, तर थोडा वेळ बसाल का?