सूर्यचुलीवरची सावली

मायक्रोवेव्हच्या काचेमागं डाळ फिरू लागली की मला दुष्काळी कामावर गावच्या सोसायटीनं आणून ठेवलेली सूर्यचूल आठवते. तीही काचेच्या झाकणाची पेटीच, पण ती उन्हावर चालायची, आणि ऊन आमच्याकडं उधळायला होतं. खडी फोडून हात गळालेली आमची टोळी त्या दिवशी गरम डाळीच्या आशेवरच तग धरून होती. मी मात्र मुकादमाची नजर चुकवून पेटीशेजारी दोन पहारी रोवून त्यांना चादर बांधली आणि आडवा झालो. चुलीची राखण करणारी म्हातारी म्हणाली, "सरक की रं जरा," आणि माझ्याआधी घोरू लागली. ऊन कललं, चादरीची सावली सरकत पेटीवर आली. भाकरीची फडकी सोडून टोळी बसली, झाकण उघडलं, तर डाळ कच्ची! "मावशे, काय झालं गं?" टोळीतल्या एकानं विचारलं. म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. मग ती ठसक्यात म्हणाली, "ढग आला व्हता!" डाळ विसरून सगळ्यांनी माना वर केल्या. "कुठं? कुठं गं?" बराच वेळ कुणी मान खाली घेतली नाही. आता दोन मिनिटांत डाळ उकळते, पण त्या माना आठवल्या की घास हातातच धरून मी खिडकीतून वर बघतो.