अकरावा सेकंद

दूतवाले हे काही त्याचं आडनाव नव्हे. ऑफिसातल्या पोरांनी ते त्याला चिकटवलं आणि बघता बघता साहेबसुद्धा त्याच नावाने हाक मारायला लागले.

शहरात चौदा रक्तपेढ्या होत्या आणि प्रत्येकीचा कॉम्प्युटर आपल्यापुरता शहाणा. याने प्रत्येकात एक छोटा प्रोग्राम बसवला. त्याला तो दूत म्हणायचा. आपल्या फ्रिजमध्ये कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत, हे त्या दूताला तोंडपाठ. कुणाला रक्त लागलं की एका पेढीचा दूत बाकीच्या तेरा जणांना विचारायचा आणि सगळ्यांत जवळची पिशवी कुठे आहे ते पडद्यावर दाखवायचा. वर कुणी मुकादम नव्हता, दूत आपसांत बोलूनच काय ते ठरवायचे. आधी हेच काम टेलिफोनवर बसणाऱ्या एक बाई करायच्या. चौदा ठिकाणी फोन फिरवून त्यांचा घसा बसायचा. दूत आले आणि बाई सुटल्यासारख्या निवृत्त झाल्या.

हे सगळं त्याने केलं ते धाकट्या बहिणीपायी. त्या दोघांचा रक्तगट लाखांत एखाद्याचा. ती जन्मली तेव्हा बटणाएवढी, म्हणून घरात तिचं नाव पडलं गुंडी. नवऱ्याबरोबर ती चष्म्याचं दुकान चालवायची. काचा घासायचं काम तिच्याकडे, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं नवऱ्याकडे. भावाची खोडी काढायची एकही संधी ती सोडत नसे. म्हणायची, दादाचे दूत दिवसभर एकमेकांशी बोलतात, दादाला मात्र घरी तोंड उघडायला मुहूर्त लागतो.

त्या कामात एक अडचण मात्र मुळातच होती. विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर समोरचा कॉम्प्युटर बंद पडलाय की नुसता रेंगाळलाय, हे दुरून कळायला मार्ग नसतो. किती वाट बघायची ते माणसानेच ठरवायचं. त्याने आधी तीस सेकंद ठरवले होते. डॉक्टर कुरकुरले, पडद्याकडे बघत कुठवर उभं राहायचं म्हणाले. मग त्याने आठ सेकंद केले. आठ सेकंदांत जो बोलणार नाही, त्याच्याकडे काही नाही असं धरायचं. दोन वर्षं कुणाची तक्रार आली नाही.

त्या बुधवारी तो पाच तासांच्या अंतरावर, दुसऱ्या गावच्या पेढीत नवा दूत बसवत होता. सकाळी अकराला मेव्हण्याचा फोन आला. गुंडीच्या पोटातला व्रण फुटला होता. दुकानातच रक्ताची उलटी झाली, आता ऑपरेशनला घेतलंय आणि रक्त हवंय. इथल्या पडद्यावर ‘उपलब्ध नाही’ असं येतंय, म्हणाला.

याने समोरच्या कॉम्प्युटरवर तीच विनंती उघडून पाहिली. उपलब्ध नाही. तीन आठवड्यांपूर्वी त्याने स्वतः पूर्वेकडच्या पेढीत एक पिशवी दिली होती, पण ती एव्हाना कुणाच्या तरी कामी आली असेल, असं त्याला वाटलं.

मेव्हणा म्हणाला, "सगळ्या पेढ्यांना एकदा फोन करून विचारू का?"

"त्यात वेळ घालवू नका. चौदाही ठिकाणी विचारून झालंय."

त्यांनी बाहेरगावाहून पिशवी मागवली. ती पोहोचायला चार तास लागले. गुंडीला तेवढा वेळ मिळाला नाही. तो संध्याकाळी पोहोचला तेव्हा मेव्हणा दवाखान्याच्या बाकावर बसला होता, तिचा काच घासायचा ॲप्रन मांडीवर घडी घालून.

गुंडीचं दिवसकार्य झाल्यावर तो ऑफिसात गेला. प्रत्येक दूत आपण काय विचारलं, काय ऐकलं याची नोंद ठेवतो. त्या दिवशीची नोंद त्याने उघडली. कुणी सांगितलं नव्हतं, पण बघितल्याशिवाय त्याला राहवेना. बारा जणांनी ‘नाही’ म्हटलं होतं. पूर्वेकडचा कॉम्प्युटर तेव्हा आठवड्याच्या नोंदींची नक्कल काढण्यात गुंतला होता. त्याचं उत्तर आलं अकराव्या सेकंदाला. एक पिशवी आहे. पुढे दात्याचा क्रमांक होता, याचाच. त्याखाली याच्याच प्रोग्रामने लिहिलेली ओळ: उशिरा आलेलं उत्तर, सोडून दिलं.

दवाखान्यापासून ती पेढी गाडीने पंधरा मिनिटांवर होती.

त्याने ती नोंद पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग त्याला नीट दिसलं. आठ की तीस, हा प्रश्न नंतरचा होता. ‘नाही’ आणि ‘कळलं नाही’ या दोन्हींसाठी त्याने एकच शब्द वापरला होता. पडद्यावर ‘पूर्वेकडून उत्तर नाही, फोन करा’ एवढं आलं असतं तरी पुरलं असतं. ते त्याने त्याच दुपारी बदललं. काम चाळीस मिनिटांचं निघालं.

आठवडाभर मनाशी झगडून शेवटी तो चष्म्याच्या दुकानात गेला. मेव्हण्याला सगळं सांगितलं, फोनवर आपण काय बोललो तेही. मेव्हणा एका गिऱ्हाइकाची फ्रेम पुसत होता. पुसून झाली तरी पुसतच राहिला.

"तुम्ही हे मला सांगायला नको होतं," तो म्हणाला. "आता मी एकटा असलो की तो फोनच आठवत बसणार."

याने माफी मागितली. मेव्हण्याने फ्रेम डबीत ठेवली.

"आईंना सांगू नका. त्या तुमच्याच आधारावर उभ्या आहेत."

त्यानंतर मेव्हण्याचं येणं कमी होत गेलं, आणि पुढे बंदच झालं.

आईला त्याने सांगितलं नाही. ती भेटायला येणाऱ्यांना सांगायची, माझ्या लेकाने गावातलं सगळं रक्त एका जागी शोधता येईल असं केलंय, कितीजण वाचले. एका दुपारी तो जेवणाच्या टेबलाशी ताट तसंच ठेवून बसलेला पाहून ती शेजारी येऊन बसली. त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"तू का खंतावतोस रे," ती म्हणाली. "कुठे असतं तर तुझ्या दूतांनी शोधलं नसतं होय? नव्हतंच कुठे, तर ते बिचारे तरी काय करणार."

त्याने मान हलवली आणि घास तोंडात घातला. आईसमोर तो त्याला गिळावा लागला.