भटजींचे उपास

“हे उपासाचं तेज आहे, डाक्टर. तुमाले नाई समजायचं,” बापूसाहेबांनी मला सांगितलं. तेज त्या वेळी सत्यनारायणाच्या चौरंगाशेजारी आडवं पडलं होतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं आणि माझा दवाखाना अकोल्याच्या जुन्या शहरात. बापूसाहेब कापसाच्या जिनिंगचे मालक, पूजा त्यांच्याच घरची. चक्कर येऊन पडले होते ते गणेशभटजी. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, शिवाय मोठी पूजा असली की वेगळा उपास. यजमान आधी त्यांच्या पाया पडत, मग देवाच्या.

मी त्यांची खालची पापणी ओढून पाहिली. आतून लाल हवी, ती चुन्यासारखी पांढरी. उपासाने माणूस वाळतो, इतका पांढरा पडत नाही. रक्त कुठून तरी जात होतं. सगळ्यांना बाहेर काढून विचारलं, तर भटजींनी कानावर हात ठेवले. त्यांच्या पत्नी राधाकाकू मात्र दाराशीच थांबल्या होत्या.

“साल झालं, धोतर धुऊ देत नाहीत मले,” त्या म्हणाल्या. “मले वाटे, सोवळं वाढलं.”

भटजींनी भिंतीकडे तोंड केलं. “रक्त पडते. अशा अंगानं पूजेले कसं बसावं? म्हणून खातच नाही. खाल्लं नाही तर जावं लागत नाही.”

सगळा घोळ इथेच होता. उपास म्हणजे साबुदाणा, बटाटा आणि पाणी बेताचं. मळाचा खडा होतो, कुंथावं लागतं आणि गुदद्वाराच्या फुगलेल्या शिरांतून रक्त येतं. ही मूळव्याध. शौचानंतर लालभडक रक्त, बहुधा न दुखता, खाज, कधी बाहेर येणारा कोंब. पण रक्त दिसलं म्हणजे मूळव्याधच, असं न तपासता मीही म्हणत नाही. आतल्या गाठीतूनही रक्त येतं. त्यात मळ काळा, वजन उतरलेलं किंवा चक्कर असेल, तर मुळीच थांबू नये. भटजी वर्षभर थांबले होते. आणखी थांबते, तर मला नव्हे, दुसऱ्या भटजींना बोलवावं लागलं असतं.

तपासणीला ते तयार होईनात. विटाळाचं काय, म्हणाले.

“नंतर आंघोळ करा,” मी म्हटलं. “मीही करतो.”

तपासलं, तर कोंबच निघाले. अमरावतीच्या सर्जनसाहेबांनी इंजेक्शनं देऊन ते सुकवले. मी लोहाचं औषध दिलं; भाकर, पालेभाजी, ताक सांगितलं आणि उपास बंद केले. राधाकाकूंनी ते सोवळ्याइतकं कडक पाळलं. पावसाळा सरेपर्यंत भटजींच्या गालांवर रंग आला. गावात मात्र चर्चा अशी, की डॉक्टरने तपस्वी बाटवला. बापूसाहेबांनी रस्त्यात ओळख देणं सोडलं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतर बापूसाहेब स्वतःच दवाखान्यात आले. मी खुर्ची पुढे केली. बसले नाहीत. शेवटचा रोगी जाईपर्यंत उभेच होते.

“डाक्टर,” ते हळूच म्हणाले, “मी पन सोमवार धरतो.”

मी दार लावून घेतलं. तेव्हापासून कुणाचे उपास एकाएकी वाढले, की पुण्याचं काय ते मी देवावर सोडतो आणि आधी पापणी ओढून बघतो.