निळ्या प्लॅस्टिकचा पंख

नोरीन टिबिट्सचं नदीवर कुणीतरी आहे, अशी कुजबूज एकोणीसशे त्रेसष्ट साली आमच्या गावात सुरू झाली. ती पसरवण्यात माझा हात नव्हता असं मी म्हणणार नाही. दर रविवारी ही केळीच्या बागवाल्या लायलची बायको घडांवर घालायच्या निळ्या प्लॅस्टिकची गुंडाळी काखेत मारून नदीकडे निघायची. ओठांना लाली लावून! मग माणसं काय समजणार?

नदीवर आमचा वॉटर-स्कीचा, म्हणजे बोटीमागे फळ्यांवर उभं राहून पाण्यावरून घसरायचा, क्लब होता. बोट मी हाकायचो. क्लॅरी हॉज बोटीला दोरानं बांधलेल्या मोठ्या पतंगाला लटकून उडायचा. जुना सपाट पतंग वर गेला की कलंडायचा आणि क्लॅरी पाण्यात. म्हणून त्यानं नळ्यांवर सैलसर पंख बांधला, खाली त्रिकोणी दांडी लावली. तो पंख नोरीनच्या प्लॅस्टिकचा.

पंख उठेचना. तीन रविवार क्लॅरी नळ्यांना शिव्या देत होता. शेवटी नोरीननं पंखाचं टोक उन्हात धरलं आणि हसत सुटली.

"अरे शहाण्या, केळी घामेजू नयेत म्हणून याला भोकं असतात. आपण चाळणी उडवतोय!"

पुढच्या रविवारी तिनं बिनभोकाची गुंडाळी आणली. क्लॅरी उठला, दांडी ढकलत हवं तिकडे वळला. काठावर नुसता जल्लोष!

"आता मी," नोरीन म्हणाली.

"पुढच्या रविवारी गं. आज वारा फाजील आहे," क्लॅरी म्हणाला.

"तू उडालास तेव्हा नव्हता?"

"तू मनोऱ्यावर चढ ना," मी बोटीतून म्हणालो. आमच्या खेळात बायकांनी स्कीवरच्या पुरुषांच्या खांद्यावर उभं राहून हात हलवायचे, एवढंच.

"तुझ्या खांद्यावर? त्यापेक्षा बुडते मी."

पंख दर वेळी पडला की फाटायचा. ती नवं प्लॅस्टिक आणायची, चिकटवायची, लाली लावून काठावर थांबायची, आणि क्लॅरी म्हणायचा, पुढच्या रविवारी. अकरा वर्षं.

आता समुद्राकडच्या कड्यावरून पोरंपोरी रंगीत पंख घेऊन उड्या मारतात. परवा नोरीनला तिथं घेऊन गेलो. बराच वेळ ती मान वर करून बघत होती.

"तीच दांडी," म्हणाली.

"जायचंय? एकाच पंखाखाली दोघांना नेतात आता."

"कंबर चालत नाही रे. तेव्हा चालत होती."

नोरीनचं नदीवर कुणी नव्हतं. तिला उडायचं होतं. दोर माझ्या बोटीला होता, आणि बाई बुडाली तर लायलला काय सांगू, म्हणून तिला पंखाला लटकू देऊ नकोस असं क्लॅरीला मीच सांगितलं होतं.